घरी चल म्हणायचं राहिलं

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला पटायची नसेल त्यानं पुढं वाचू नये. माझं काही अडलेलं नाही.

आणि भुतं फक्त अमावास्येला, वडाखाली, मध्यरात्री असतात असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच सांगते, हे भर दुपारी झालं. रविवारच्या दुपारी. बेंगळुरूत, येलहंक्याच्या पुढं जो मॉल झालाय तिथं, वरच्या मजल्यावर, एसीत, एवढ्या माणसांच्या देखत. मॉलचं नाव लिहीत नाही. तिथं अजून लोकांची पोटं भरतात.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट.

मी निपाणीची. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन इथं आले ती इथलीच झाले. आमचे हे, उमाकांत, सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. ते गेले. आता घरात मी, मुलगा आशय, सून गौरी आणि नातू मल्हार.

मल्हार चार वर्षांचा. माझं शेपूट. मी बाथरूमला गेले तरी दाराबाहेर बसून विचारणार, "आजी, झालं का?"

एकदा गौरी फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "आईंना काय गं, दिवसभर घरीच तर असतात." मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाग्यलक्ष्मीला गाठलं. ती त्या मॉलमध्ये मुलांच्या खेळायच्या जागेत साफसफाईला जाते.

"तुमच्याकडं बाई पाहिजे म्हणत होतीस ना? मी येते."

"अम्मा, तुम्ही?"

"का? माझे हात काय लाकडाचे आहेत?"

तिथला मॅनेजर नागराज. माझ्या आशयपेक्षा लहान. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "अम्मा, वाकायला जमेल ना? चेंडू वेचायचे असतात."

म्हटलं, "वाकायला जमतं. कुणापुढं, ते मी ठरवते."

हसला. ठेवून घेतलं.

माझी जागा बॉल पूलपाशी. म्हणजे लहान मुलांसाठी केलेला मोठा हौद, तळाला मऊ फोम, रंगीत प्लास्टिकच्या चेंडूंनी काठोकाठ भरलेला, भोवती जाळी. पोरं आली की मनगटाला कागदी पट्टा बांधायचा, तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे द्यायचे, वेळ संपली की शिट्टी मारून बाहेर काढायचं. सकाळी मॉल उघडायच्या आधी चेंडू पुसायचे, हौदातनं क्लिपा, अर्धी बिस्किटं, हरवलेले मोजे काढायचे. साडीवर पिवळा टी-शर्ट. छातीवर हसणारं अस्वल. डोक्यावर टोपी.

कामाची लाज नव्हती मला. त्या अस्वलाची होती.

मल्लेश्वरममध्ये आम्हा मराठी बायकांचं भजनी मंडळ आहे. तिथं मी सांगितलं होतं, नर्सरी शाळेत जाते, मुलांना शिकवते. चौथी शिकलेली बाई शाळेत शिकवते! पण माझ्या तोंडावर विचारायची कुणाची छाती होती? फक्त प्रमोदिनीची भुवई वर जायची. तिच्या भुवईला मी आयुष्यात दुसऱ्या कशाला भ्यायले नाही एवढी भ्यायची. म्हणून कामावर कायम मास्क. कुणी विचारलं तर म्हणायचं, धूळ सोसत नाही.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

परक्या जागेवरून लेकरू उचललं की त्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "चल, घरी चल." देऊळ असो, दवाखाना असो, लग्नाचा हॉल असो. माझ्या सासूबाई म्हणायच्या, लेकराचं शरीर उचललं म्हणजे सगळं लेकरू उचललं असं नाही. खेळात जीव गुंततो. नाव घेऊन बोलवावं लागतं. आशयला मी बसमधून उतरतानासुद्धा बोलवायची. गौरीला हसू येतं. तिला म्हटलं, हस, पण मल्हारच्या वेळी मध्ये येऊ नकोस.

कधी चुकवलं नव्हतं मी.

त्या रविवारी मल्हारच्या वर्गातल्या एका पोराचा वाढदिवस आमच्याच इथं होता. गौरी त्याला घेऊन आली. ती केकच्या टेबलापाशी, मल्हार माझ्या हौदात. फुग्यांचा, मशीनांचा, गाण्यांचा नुसता कल्लोळ.

आणि मला प्रमोदिनी दिसली.

तिची नात कस्तुरी त्याच वर्गातली. मला ठाऊक नव्हतं. बाई थेट माझ्या जाळीपाशी आली, मोजे मागितले. मी दिले. माझ्या हाताला हात लागला तिचा, तरी ओळखलं नाही. माणूस युनिफॉर्मकडं बघतं, आतल्या माणसाकडं नाही.

तेवढ्यात हौदाच्या मधून मल्हार ओरडला.

"आजी! आजी, बघ! मला शोध!"

आणि मारली बुडी.

प्रमोदिनीनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. भुवई वर.

"ये बच्चा आपको आजी बोल रहा है? मराठी हो क्या आप?"

मी मराठीत बोलले असते तर आवाजावरून ओळखलं असतं तिनं. हिंदीत बोलले असते तरी ओळखलं असतं. मी कन्नडात बोलले. आवाज बारीक करून.

"यारदो मगु. ननगे गोत्तिल्ल."

कुणाचं मूल आहे, मला माहीत नाही.

मल्हार वर आला होता. त्यानं ऐकलं. त्याला कन्नड येत नाही, पण "गोत्तिल्ल" तेवढं कळतं. इथल्या पोराला रिक्षावाले पहिल्यांदा तोच शब्द शिकवतात.

तो चेंडू बाजूला करत जाळीपाशी आला. जाळीतून बोटं बाहेर काढली.

"आजी?"

मी दुसऱ्या पोराचा पट्टा बांधत राहिले.

शिट्टीची वेळ झाली. सगळी पोरं निघाली. मल्हार निघेना. मधोमध बसून राहिला, माझ्याकडं बघत. प्रमोदिनी तिथंच बाकावर कस्तुरीला बूट घालत होती. पुढची मुलं दाराशी रांगेत. नागराज लांबून हात करत होता, लवकर, लवकर. माझं डोकं तापलं.

मी जाळीला तोंड लावलं आणि दात आवळून म्हटलं, "येत नाहीस ना? राहा मग इथंच!"

मल्हार हळूहळू चेंडूंखाली गेला.

हौद शांत झाला… एक चेंडू हलेना.

मी दार उघडून आत पाय टाकणार, तर पोरगं दाराशी उभं. कधी आलं, कुठून आलं, कळलं नाही. त्यानं स्वतःचे बूट स्वतः घातले. गौरीचा हात धरला. मागं वळून बघितलं नाही.

मी पुढच्या मुलांना पट्टे बांधू लागले.

त्याला "घरी चल" म्हणायचं राहिलं.

संध्याकाळी घरी गेले तर मल्हार सोफ्यावर. बसवलं तिथं बसलेला. रात्री दुधी भोपळ्याची भाजी निमूट खाल्ली. झोप म्हटलं, झोपला.

"बघा आई, कसा शहाणा झालाय!" गौरी खूश.

मी बाथरूममध्ये गेले. मुद्दाम जास्त वेळ थांबले. कान दाराला लावला.

बाहेर… कुणी नव्हतं.

त्याच्या पोटाला गुदगुल्या केल्या. एरवी घर डोक्यावर घेतो. त्यानं माझ्या बोटांकडं बघितलं, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या पोटावर चाललीत. अंगात ताप नाही, डोळ्यांत पाणी नाही. सोमवारी रजा काढून डॉक्टरला दाखवलं, म्हणे ठणठणीत आहे. आणि सगळ्या दिवसात एकदाही त्यानं मला हाक मारली नाही.

मंगळवारी सकाळी कामावर गेले. मॉल उघडायचा होता. मशीनं बंद, गाणी बंद, अर्धे दिवे. भाग्यलक्ष्मी पलीकडं फरशी पुसत होती. मी हौदाच्या काठावर बसून चेंडू पुसत होते.

पलीकडच्या कोपऱ्यात चेंडू सरकले.

उंदीर असेल म्हटलं.

मग अलीकडं सरकले. मग अगदी माझ्या पायाशी.

"आजी…"

हातातलं फडकं पडलं.

"आजी… शोध ना."

आवाज मल्हारचा. मी त्याला त्याच्या बाबाबरोबर दूध पिताना सोडून आले होते.

मी हौदात उतरले. दोन्ही हातांनी चेंडू उपसायला लागले. जिथं उपसावं तिथं खाली नुसता निळा फोम. आणि आवाज, मी आत्ताच जिथून आले तिथून.

भाग्यलक्ष्मी धावत आली. "काय शोधताय अम्मा? सोन्याचं काही पडलं का?"

"सोन्याचंच पडलंय. सगळे चेंडू बाहेर काढ."

ती पुटपुटली, पण काढले. जाळीच्या मोठ्या पिशव्या भरून भिंतीला लावल्या. हौद रिकामा झाला. आत काही नव्हतं. धूळ आणि एक क्लिप.

दमून मी एका पिशवीला टेकले.

पिशवी… गरम होती.

रात्रभर एसीत पडलेले प्लास्टिकचे चेंडू ते. बाकीच्या पिशव्या गारढोण. ही मात्र झोपलेल्या लेकराच्या पाठीसारखी ऊबदार. आणि हळूहळू वर होत होती. खाली होत होती.

मी पिशवीला तोंड लावलं. भाग्यलक्ष्मीला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलले. बघा, तेव्हासुद्धा मला लोकांचं पडलं होतं.

"मल्हार, चल बाळा, घरी चल."

पिशवी वरखाली व्हायची थांबली.

मग आतून, स्वच्छ कन्नडात…

"नीवु यारु?"

तुम्ही कोण?

रात्री मी गौरीला सांगितलं. एवढंच, की पोरगं आपलं नाही वाटत मला, तिथंच राहिलंय.

ती उसळली. "आई, आयुष्यात पहिल्यांदा तो माझं ऐकतोय. तुमच्यामागं धावत नाही. तेही तुम्हाला बघवत नाही का?"

तिचं चुकलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. प्रमोदिनी, मास्क, गोत्तिल्ल, राहा मग इथंच. सुनेपुढं मान खाली घालून बोलायची माझी पहिली वेळ. तिनं मल्हारला जवळ ओढलं.

"मल्हार," ती म्हणाली, "आजीला हाक मार बरं."

मल्हारनं मान वर केली.

"कुणाला?"

गौरीनं माझा हात घट्ट धरला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

हळू बोलवून भागणार नव्हतं, ते मला कळलं होतं. चारचौघांत नाकारलं ना, मग चारचौघांतच बोलवायला पाहिजे. मी प्रमोदिनीला फोन लावला.

"रविवारी कस्तुरीला घेऊन ये. तुला माझी शाळा दाखवते."

रविवारी मास्क लावला नाही. टोपी घातली नाही. अस्वल मात्र होतं. प्रमोदिनी जिना चढून आली आणि जागच्या जागी थांबली.

"अगं बाई! तू? ही शाळा?"

"हीच. आणि हे छातीवरचं माझं हेडमास्तर."

"म्हणजे त्या दिवशी मोजे देणारी…"

"मीच. आणि ते पोर माझं नातवंड. मला माहीत होतं कुणाचं आहे ते. खोटं बोलले."

तिची भुवई कुठल्या कुठं गेली. पण मला थांबून बघायला वेळ नव्हता. गौरी मल्हारचा हात धरून जाळीबाहेर उभी होती. मल्हार समोर बघत होता, कशाकडेच नाही.

मी साडी खोचली आणि पोरांच्या गर्दीत हौदात उतरले. पोरांना मजा वाटली, माझ्यावर चेंडू फेकायला लागली. नागराज पळत आला.

"अम्मा! मुलं असताना आत जायचं नाही! काय करताय? लोक बघतायत!"

"बघू देत. तुला ओरडायचं ते नंतर ओरड. आत्ता मला ओरडू दे."

आणि मी ओरडले.

"मल्हार! ए मल्हार! चल, घरी चल!"

लोक वळले. दोघातिघांनी मोबाईल वर केले. चेंडू नुसते पोरांच्या पायांनी हलत होते.

"मल्हार! मी तुझी आजी आहे रे! चल बाळा!"

काही नाही.

हे गेले तेव्हाही मी लोकांपुढं रडले नव्हते. तिथं रडले. टोपली उपडी व्हावी तसं सगळं बाहेर आलं.

"चुकलं माझं! तू माझाच आहेस! चल रे, घरी चल!"

चेंडूंच्या खाली… माझ्या उजव्या हाताला काहीतरी लागलं.

छोटी बोटं. ऊबदार. त्यांनी माझी तर्जनी मुठीत धरली.

आणि त्याच क्षणी जाळीबाहेर किंकाळी.

"आजीऽऽऽ!"

मल्हार! तोंड लालभडक, नाक वाहतंय, जाळीला लटकून रडतोय. गौरीही रडतेय. त्यानं तिचा हात सोडवला, दारातून आत आला, चेंडूंत पडला, उठला, पुन्हा पडला आणि येऊन माझ्या गळ्यात पडला. त्याचा शेंबूड अस्वलाला लागला. तो हुंदके देत होता, मी हुंदके देत होते. तो तोच होता. लेकराचा वास आजीला कळतो.

त्याचे दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती होते.

दोन्ही.

आणि खाली, चेंडूंत… माझं बोट अजून कुणीतरी धरलेलं होतं.

मी हात ओढला. मूठ घट्ट झाली.

पुन्हा ओढला.

"आ…जी…" खालून आलं. हळू. एखादा नवा शब्द पहिल्यांदा तोंडात घेऊन बघावा तसं.

डाव्या हातात माझा नातू होता. मी जोर केला आणि बोट हिसकावून घेतलं. कमरेएवढ्या चेंडूंतून वाट काढत बाहेर आले. मल्हारचं नाव घेत, घरी चल, घरी चल म्हणत, थेट रिक्षात बसेपर्यंत. मागं बघितलं नाही.

मल्हार बरा आहे. पुन्हा बाथरूमबाहेर बसतो. भोपळा ताटाखाली लपवतो. त्याला काही आठवत नाही, मी विचारतही नाही. प्रमोदिनीनं सगळ्या मंडळाला तिखटमीठ लावून सांगितलं. सांगू दे.

नोकरी मी सोडली. सोडताना नागराजला विचारलं, "इथं कधी कुठल्या लेकराचं काही झालं होतं का? खरं सांग."

त्यानं आईची शपथ घेतली. कधी काही नाही. साधं नखसुद्धा मोडलं नाही कुणाचं. भाग्यलक्ष्मीही तेच म्हणाली. जागा बांधली त्याच्या आधी काय होतं? तर मोकळं माळरान. म्हणजे सांगायला कथा नाही, कारण नाही. फक्त कुणीतरी आहे.

मल्हारला मी लोकांपुढं रडून, ओरडून घरी आणलं. त्याच हाताला धरून दुसरंही एक यायला निघालं होतं. त्याला मी झटकून आले. आजी म्हणायला शिकलेलं लेकरू.

परवा राहवलं नाही. मधल्या वारी, दुपारी, गर्दी नसताना गेले. आता तिथं नवीन मुलगी आहे, ती ओळखत नाही मला. मी जाळीपाशी उभी राहिले. हौदात पोरं नव्हती. बोलवायचं तर नाव पाहिजे. नाव कुणालाच ठाऊक नाही.

मी वाकून हळूच कन्नडात विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"

मधले चेंडू… थोडे वर आले. थांबले. कुणीतरी आठवायचा प्रयत्न करतंय असं.

त्याला आठवायच्या आधी मी तिथून निघाले.